दफ्तरातले टिळक आणि घरातले टिळक

रत्नागिरीत टिळक हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टिळक आळीतले ते एकच घर येते. ते स्वाभाविकही आहे. परंतु लोकमान्यांचे मूळ गाव चिखलगाव ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील करजगावात लोकमान्यांच्या जन्मानंतर पाच वर्षांनी आणखी एक टिळक जन्मास आले, आणि त्यांनीही महाराष्ट्राच्या मनाला एक धक्का दिला, ह्याचे स्मरण जिल्ह्यात क्वचितच कोणी करून देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते दुसरे टिळक. शाळेच्या पुस्तकांतून त्यांच्या कविता वाचलेल्या पिढ्यांना ते फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक आहेत. धर्मचिंतक म्हणून त्यांचा विचार मराठी वाचकाने फारसा केला नाही. आणि जो केला गेला तो बहुतांशी इंग्रजीत, आणि पुष्कळसा परदेशी विद्यापीठांच्या आश्रयाने. असे का झाले, ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्याविषयीचे कागद कोठे जमा झाले आणि कोणाच्या खर्चाने टिकले ह्यात आहे, असे माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला वाटते. इतिहासाचा पुरावा आपोआप उरत नसतो. कागदाला कपाट लागते, कपाटाला इमारत लागते आणि इमारतीला दरसालचा खर्च लागतो.

टिळकांच्या आयुष्याच्या आरंभी तर कागदच नाही. ६ डिसेंबर १८६१ ही त्यांची जन्मतिथी मानली जाते. त्या काळी कोकणातल्या खेड्यात जन्म झाला म्हणजे त्याची नोंद सरकारदरबारी होई असे नव्हे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा पहिला अखिल भारतीय कायदा १८८६ सालचा, म्हणजे टिळक पंचविशीत आल्यानंतरचा. तेव्हा जन्मतिथी उरते ती घरच्या पत्रिकेत आणि माणसांच्या आठवणीत. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक आणि हळवी. मुलाला स्तोत्रांचा, अभंगांचा आणि शब्दांचा नाद लागला तो आईकडून. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना ती गेली आणि त्या घराशी असलेला त्याचा धागाच तुटला. तो घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन झाले, थोडे इंग्रजीही झाले. पण कोणतीही परीक्षा धड पुरी झाली नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे चांगली नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे एका गावी मुक्काम नाही. आपल्या कोकणी तरुणांच्या चरित्रांत ही साखळी इतकी ओळखीची आहे की तिच्यावर अधिक लिहावयास नको.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा-बारा वर्षांची मुलगी त्यांना दिली. तीच पुढे लक्ष्मीबाई. ह्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे नुसती भ्रमंती. मास्तरकी, कीर्तन, पुराण, लेखन, जे मिळेल ते. आज येथे, उद्या तेथे; मनात आले की बायकोला माहेरी किंवा सासऱ्यांच्या घरी टाकून निघून जावयाचे, आणि पुन्हा मनात आले की न्यावयास यावयाचे. नागपुरात आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले. नागपुरातच तरुण केशवसुतांची व त्यांची ओळख झाली. मालगुंडचे केशवसुत आणि करजगावचे टिळक, एकाच जिल्ह्यातले दोन कवी एकमेकांना भेटले ते वऱ्हाड-नागपुराकडे. कोकणी माणसाची गाठ पडावयाची ती परमुलखात, असेच म्हणावयाचे. मालगुंडला आज केशवसुतांचे स्मारक उभे आहे आणि विद्यार्थ्यांच्या सहली तेथे जातात. करजगाव नकाशावर कोठे आहे हे मात्र त्याच विद्यार्थ्यांना बोट ठेवून दाखवावे लागते.

ह्या भ्रमंतीच्या काळात टिळकांच्या मनात धर्माचा प्रश्न धुमसत होता. जातिभेद आणि मूर्तिपूजा ह्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आपणच सर्वांना सामावून घेणारा एखादा नवा धर्म काढावा असेही त्यांच्या डोक्यात घोळत होते. अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले म्हणतात. रूढ कथेत ह्या गृहस्थाला नाव नाही. अभ्यासक आता वऱ्हाडात काम करणाऱ्या फ्री मेथडिस्ट मिशनच्या अर्नेस्ट वॉर्ड ह्यांच्याकडे बोट दाखवितात. नाव कोणतेही असो; टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले ते खोडून काढण्याच्या तयारीने, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. पुढला मार्ग त्यांनी पत्रांनी काढला. मुंबईत ‘ज्ञानोदया’चे काम पाहणारे डॉ. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी संतवाङ्मयाचे जाणकार. तुकाराम, एकनाथ ह्यांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी पुढे केली. त्यांच्याशी टिळकांचा पत्रव्यवहार झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या प्रसंगातली एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. बाप्तिस्मा द्यावयास गोरे मिशनरी हजर असता टिळकांनी तो रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्या देशी पाळकाच्या हातून घेतला. जातीने चित्पावन ब्राह्मण, संस्कृतज्ञ, आणि डोके वाकविले ते मराठी पाळकापुढे. धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर असे मानण्याचा तो काळ होता. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून पुण्यात उठलेले वादळ नुकतेच कोठे शमत होते. बाटलेला माणूस देशाच्या खात्यातून वजा झाला, अशीच त्या वेळच्या वृत्तपत्रांची साधारण भूमिका असे. पाळकाच्या त्या निवडीत ह्या समजुतीला टिळकांनी दिलेले पहिले उत्तर आहे, आणि ते त्यांनी कोणताही लेख न लिहिता दिले.

ह्या क्षणापासून टिळकांभोवती कागद जमू लागतो. अमेरिकन मराठी मिशन ही व्यवस्थित हिशेबाची संस्था. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने तिला पोसले. बोर्डाची स्थापना १८१० ची. त्याचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले १८१३ साली. अहमदनगरचे ठाणे बसले १८३१ साली. प्रत्येक मिशनऱ्याने वरिष्ठांना पत्र लिहावयाचे, प्रत्येक ठाण्याने वार्षिक अहवाल द्यावयाचा, प्रत्येक देशी कामगाराच्या पगाराचा जमाखर्च ठेवावयाचा, अशी ती शिस्त. हे सारे दफ्तर आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे. परिणाम असा की मराठी कवीच्या उत्तरायुष्याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या संशोधकास समुद्र ओलांडावा लागतो. आपल्याकडे हरवले आणि त्यांनी राखले, असे म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेने पगार दिला तिने पगाराचा कागद ठेवला, इतकेच.

पण असल्या दफ्तराचा एक स्वभावधर्म असतो. त्यात माणूस दिसतो तो कामगार म्हणून. टिळक अहमदनगरला आले, डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांच्या देखरेखीखालच्या धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत शिकवू लागले, १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, काही काळ राहुरीस काम झाले, अशा नोंदी तेथे शोभतात. ह्याच माणसाच्या घरी पंढरपूर-नाशिकच्या वाऱ्या करणारी, नवऱ्याने धर्म सोडला म्हणून झुरणारी आणि तरीही त्याला मनातून न सोडणारी एक बाई होती, ह्याला जमाखर्चात रकाना नसतो.

तो रकाना लक्ष्मीबाईंनी स्वतः भरला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. अक्षरओळख झाली तीही नवऱ्याच्या हाताखाली. तिने जे लिहिले त्यास मराठी आत्मचरित्रांत तोड नाही, हे मी नव्याने सांगावयास नको. येथे माझा मुद्दा वेगळा आहे. टिळकांच्या धर्मविचाराचा अभ्यास करावयाचा तर ‘स्मृतिचित्रे’ हा केवळ घरगुती गमतींचा संग्रह म्हणून बाजूस ठेवता येत नाही. तो अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे. पाच-एक वर्षांची ताटातूट. मुलगा दत्तू बरोबर. नातेवाइकांचा धाक आणि स्वतःचे सोवळे. पुढे नवऱ्याबरोबर अहमदनगरला राहावयास आल्यावरही तिने आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. तिच्यावर सक्ती केली नाही, ख्रिस्ती हो असा लकडाही लावला नाही. हळूहळू तिच्याच मनाने हिशेब केला की जात ही माणसाने केलेली वस्तू आहे, आणि जो दिवस तिला असे पटले त्या दिवसापासून ती कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. शिकविलेल्या सिद्धांतापेक्षा टिळकांच्या धर्माची कसोटी ह्या पाच वर्षांत लागली. आणि त्याची साक्ष हौटन ग्रंथालयात नाही, ती ह्या बाईच्या लेखणीत आहे.

ही साक्ष एकांगी स्तुतीची नाही, म्हणून तिचे मोल अधिक. टिळक रागीट होते, विसराळू होते, पैशाच्या बाबतीत तर केवळ बेहिशेबी होते. हातात आलेला पैसा मागणाऱ्यास देऊन टाकावयाचा आणि घरी येऊन चूल का पेटली नाही ह्याचे आश्चर्य करावयाचे, असला संसार. त्या संसाराची झीज कोणी सोसली हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. त्या हसण्याला भुलून वाचकाने ती झीज विसरू नये. दानशूर पुरुषाच्या दानाचा अर्धा भार त्याच्या पत्नीच्या नावे पडतो, हे आमच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण असावयास हवे. त्याच घरात पोरकी मुले वाढली, त्याच घरात धरणगावचा त्र्यंबक ठोमरे येऊन राहिला. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात ह्याच मुलाला बालकवी ही पदवी मिळाली. टिळक त्या संमेलनाच्या उभारणीत होते.

तिसरे दफ्तर ‘ज्ञानोदया’चे. १८४२ साली अहमदनगरास निघालेले हे पत्र. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. टिळक हे ग्रंथकार धर्मशास्त्री नव्हेत. त्यांनी ईश्वरस्वरूपावर प्रकरणे पाडून प्रबंध लिहिला नाही. त्यांचे धर्मशास्त्र शोधावयाचे ते ‘ज्ञानोदया’च्या स्फुटांत आणि त्याहूनही अधिक त्यांच्या अभंगांत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. ह्या एका कल्पनेत त्यांचा सारा विचार आहे. पाश्चात्त्य मिशनऱ्यांचा सामान्य समज असा की हिंदू माणसाने ख्रिस्ती व्हावयाचे म्हणजे जुने घर मोडून नवे बांधावयाचे. टिळकांनी सांगितले की जुने घर हाच रस्ता होता. वारकरी परंपरा ही आपल्यापुरता तरी जुना करार आहे, असे मानण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पाश्चात्त्य चालीवरच्या, शब्दाला शब्द जोडलेल्या गीतांच्या जागी त्यांनी ओवी, अभंग, पद आणले. कृष्णराव सांगळे ह्यांनी अहमदनगरास ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांच्या आधी घातला होता. टिळकांनी त्यावर चढविलेला मजला मोठा. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या ‘उपासना-संगीता’त त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. रविवारी देवळात बाकावर बसून जे कुटुंब ती म्हणते त्याला आपण धर्मशास्त्र म्हणत आहो असे वाटत नाही, आणि टिळकांना नेमके हेच हवे होते. अशा धर्मशास्त्राचे दफ्तर लोकांच्या गळ्यात असते. गळ्यातले दफ्तर कसर-वाळवीपासून सुरक्षित. मात्र त्यावर तारीख नसते, आणि कोणते कडवे आधीचे व कोणते नंतरचे हे ठरविणे अभ्यासकास जड जाते. त्यात टिळक आपले लिखाण जपून ठेवणाऱ्यांतले नव्हतेच.

आता १९१७ साल. टिळकांच्या चरित्रातला माझ्या मते हा सर्वांत धाडसाचा भाग, आणि अर्थव्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत बोलका. बावीस वर्षे मिशनचे काम केल्यावर त्यांनी मिशनचा पगार सोडला. कारण साधे होते. देशी पाळकाचा पगार परदेशातून यावयाचा. तो वाढविणे, कमी करणे, बदली करणे हे परदेशी मिशनऱ्यांच्या हाती. तेव्हा त्या पाळकाने देशी मंडळी स्वतंत्र व्हावी असे कितीही म्हटले तरी ऐकणाऱ्याला ते खरे कसे वाटावे? मिशनऱ्यांशी त्यांचे भांडण नव्हते. ह्यूम, अ‍ॅबट ह्यांच्याविषयी त्यांना आदर होता. त्यांचा आक्षेप होता तो मायबापपणाला. उदार हाताने दिलेला पैसासुद्धा घेणाऱ्याला लहान करतो, आणि देणारा सज्जन असला म्हणजे ते लहानपण अधिकच अंगवळणी पडते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर परकीय मदतीवर वर्गावर्गांतून आम्ही जी चर्चा करीत आलो, तिचे मूळ सूत्र ह्या कवीने एका पाळकाच्या पगारपत्रकात वाचले, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बायकोमुलांचा संसार असता, पगार सोडणे हे काही सोपे नव्हे. ते साताऱ्यास गेले, ख्रिस्ती संन्याशाची वृत्ती त्यांनी पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बरोबरीने यावेत अशी योजना होती. तिच्यातले धाडस आज चटकन लक्षात येत नाही. मंडळीच्या हजेरीपुस्तकात नाव असणे आणि ख्रिस्ताचे असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी उघड मांडले. वहीत नाव नसलेल्यांची मंडळी! अशा मंडळीचे दफ्तर तरी कसे उरावे? ज्या क्षणी टिळक पगाराच्या वहीतून गेले त्या क्षणी कामगार म्हणून त्यांचा जमाखर्च देण्याचे मिशनला कारण राहिले नाही. दरबाराला कचेरी नव्हती, कारकून नव्हता, निधी नव्हता. होते ते एक उतारवयाचे कवी आणि त्यांच्याभोवती जमणारी माणसे. त्यांच्या मृत्यूनंतर दरबार फार काळ टिकला नाही. टिळकांचे परतंत्र आयुष्य दप्तरबंद आहे आणि स्वतंत्र आयुष्य तुटपुंजे आहे. कागदांच्या राशीवरून माणसाच्या आयुष्याचे माप घेणाऱ्याने येथे सावध राहावयास हवे. दोन वर्षांचा तो काळ मागच्या बावीस वर्षांचा अर्थ सांगतो.

९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. ख्रिस्ती पाळकाचे दहन ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. कवी मित्रांपैकी केशवसुत आधीच गेले होते, बालकवी आदल्याच वर्षी आगगाडीखाली सापडून गेले होते.

चरित्र प्रथम निघाले ते इंग्रजीत. १९२३ साली जे. सी. विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने ते लिहिले. विन्स्लो स्वतः टिळकांच्या विचाराने भारलेले. अहमदनगरास आणि नंतर पुण्यास ख्रिस्तसेवासंघाचा आश्रम त्यांनी चालविला. ह्या पुस्तकामुळे टिळकांचे नाव जगभरच्या ख्रिस्ती अभ्यासकांना कळले. १९७९ साली पी. एस. जेकब ह्यांचा, १९९१ साली एच. एल. रिचर्ड ह्यांचा असे ग्रंथ पुढे आले. १९९८ साली अमेरिकेत टेंपल विद्यापीठात माल्कम नाझरेथ ह्यांनी प्रबंध लिहिला. सारे इंग्रजीत. मराठीच्या बाजूने टिळकांचे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी नाशिकास राहून ‘स्मृतिचित्रे’ची टीपांसह केलेली आवृत्ती हे एकट्या माणसाने उचललेले मोठे काम. इंग्रजी अभ्यासकाला मराठी घर ठाऊक नाही आणि मराठी वाचकाला इंग्रजी दफ्तर ठाऊक नाही, अशी ही विभागणी झाली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार करण्याआधी ह्या दोन ढिगांकडे एकदा पाहावे. हार्वर्डला जाण्याचे भाडे नसेल तर ‘ज्ञानोदया’च्या जुन्या फायलींपासून आरंभ करता येतो, आणि ज्या जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत नोंदवह्या आहेत त्यांनी पावसाळ्याआधी त्या एकदा उन्हात घातल्या तरी पुष्कळ झाले. कोकणातला कागद चार महिन्यांच्या दमटपणात कसा फुगतो आणि पाचव्या महिन्यात त्याचा भुगा कसा होतो हे येथल्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक आहे.

टिळकांच्या हातून एक मोठे काम अपुरे राहिले होते. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिले. दहाएक अध्यायांपुढे ते गेले नाही. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय देवदत्ताने, म्हणजे पूर्वीच्या दत्तूने, लिहून ग्रंथ पुरा केला.